त्रिमितीय वॉकथ्रूमधील कॅमेऱ्याची टक्कर

त्रिमितीय वॉकथ्रूमधील कॅमेऱ्याची टक्कर हाताळणे म्हणजे, संगणकावर उभारलेल्या इमारतीतून फिरताना पाहणाऱ्याचा काल्पनिक डोळा भिंत, खांब, छत किंवा फर्निचर यांच्या आत शिरू नये यासाठी केलेली गणिती व्यवस्था होय. या काल्पनिक डोळ्यास संगणकीय चित्रणात 'कॅमेरा' म्हणतात. तो एक बिंदू असून त्याला स्वतःचे आकारमान किंवा वजन नसते. त्यामुळे वेगळी तजवीज न केल्यास तो कोणत्याही भिंतीतून सहज आरपार जातो. ही तजवीज दोन भागांत विभागली जाते. कॅमेरा एखाद्या वस्तूला भिडला आहे का, हे शोधणे म्हणजे टक्कर-तपासणी आणि भिडल्यावर त्याला कोठे न्यावे, हे ठरवणे म्हणजे टक्कर-प्रतिसाद.

घरबांधणी, कारखान्यांची आखणी, वास्तुवारशाचे चित्रण आणि संगणकीय खेळ या सर्व क्षेत्रांत हा प्रश्न उद्भवतो. खेळात भिंतीतून आरपार जाणे ही केवळ गंमत ठरू शकते. ज्या वॉकथ्रूवर विसंबून सदनिका घेतली जाते किंवा यंत्रांची जागा ठरवली जाते, तेथे मात्र तीच त्रुटी मोजमापाची चूक ठरते.

## पार्श्वभूमी

इमारत बांधण्यापूर्वी तिच्यातून संगणकावर फिरून पाहण्याच्या प्रयत्नांत अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील प्रकल्पाचे स्थान महत्त्वाचे आहे. संगणकशास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९८६ मध्ये या 'वॉकथ्रू' प्रणालीविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्याच विभागासाठी उभारल्या जाणाऱ्या सिटरसन हॉल या इमारतीची प्रतिकृती या प्रकल्पात तयार करण्यात आली होती.

टक्कर हाताळण्याच्या रीतींचा झपाट्याने विकास झाला तो संगणकीय खेळांमुळे. 'वुल्फेनस्टाइन थ्री-डी' (१९९२) या खेळातील भिंती चौकटींच्या जाळीवर बेतलेल्या होत्या. त्यामुळे पुढची चौकट रिकामी आहे की भरलेली, एवढे पाहणे पुरेसे होते. 'क्वेक' (१९९६) या खेळात खऱ्या अर्थाने त्रिमितीय जागा आली. भिंतीला धडकल्यावर थांबण्याऐवजी भिंतीच्या कडेने घसरत जाण्याची रीत त्यात वापरलेली आहे. या खेळाची आज्ञावली १९९९ मध्ये सर्वांसाठी खुली करण्यात आल्याने अनेकांना तिचा अभ्यास करता आला. दोन बहिर्वक्र आकारांमधील किमान अंतर काढण्याची गिल्बर्ट–जॉन्सन–कीर्ती रीत १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या कर्त्यांपैकी एस. सत्या कीर्ती हे भारतीय संशोधक आहेत.

## पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील संदर्भ

पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ११ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. पिंपरी, भोसरी व आकुर्डी येथील औद्योगिक वसाहती आणि पुढे चाकण–तळेगाव पट्ट्यात आलेले वाहन उद्योग यांमुळे येथे दोन प्रकारची बांधकामे शेजारी-शेजारी वाढली. एकीकडे टाटा मोटर्स, बजाज ऑटो, फोक्सवॅगन, महिंद्रा अशा उद्योगांचे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांच्या शेड उभ्या राहिल्या. दुसरीकडे वाकड, रावेत, पुनावळे, मोशी, चिखली या भागांत बहुमजली गृहसंकुले आली. त्रिमितीय वॉकथ्रूचा उपयोग या दोन्ही ठिकाणी आहे, पण दोहोंच्या गरजा भिन्न आहेत.

गृहसंकुलातील सदनिका बहुधा बांधकाम पूर्ण होण्यापूर्वीच विकली जाते. ग्राहकासमोर नकाशा, नमुना सदनिका आणि पडद्यावरील वॉकथ्रू एवढेच असते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १२ नुसार, जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांवर विसंबून पैसे भरलेल्या व्यक्तीचे त्यातील चुकीच्या वा खोट्या विधानामुळे नुकसान झाल्यास प्रवर्तकास भरपाई द्यावी लागते. जाहिरात कोणत्याही माध्यमातील असली, तरी ती या अधिनियमाच्या व्याख्येत येते. याच अधिनियमात चटई क्षेत्राची व्याख्याही दिलेली आहे. बाहेरच्या भिंती, बाल्कनी व उघडी गच्ची वगळून उरणारे, पण आतल्या विभाजक भिंती धरून मोजलेले वापरायोग्य क्षेत्र म्हणजे चटई क्षेत्र. कागदावरील हे क्षेत्र प्रत्यक्ष वावरताना कसे भासेल, याचा अंदाज ग्राहक वॉकथ्रूवरून बांधतो. म्हणून त्यातील कॅमेऱ्याची वागणूक महत्त्वाची ठरते.

कारखान्यात प्रश्न माणसाच्या वावराचा, तसाच ट्रॉली व फोर्कलिफ्ट यांच्या वाटेचा असतो. दोन यंत्रांमधील जागेतून भरलेली ट्रॉली वळेल का, देखभाल करणाऱ्या कामगाराला यंत्राच्या मागे उभे राहता येईल का, हे यंत्र बसवण्याआधी पाहता आले तर नंतरचा खर्च वाचतो. जेथे कॅमेरा यंत्रातून आरपार जातो, तेथे या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत.

## कॅमेऱ्याला आकार देणे

बिंदूरूप कॅमेऱ्याभोवती एक अदृश्य आकार कल्पिला जातो आणि टक्कर या आकाराची तपासली जाते. त्यासाठी पुढील आकार प्रचलित आहेत.

* गोल – गणित सर्वांत सोपे. मात्र डोळ्याच्या उंचीवरचा गोल पायाजवळचा अडथळा ओळखत नाही.
* पेटी – अक्षांना समांतर असलेली चौकोनी पेटी. तपासणी जलद होते, पण तिरक्या भिंतीशी तिचे कोपरे अडकतात.
* कॅप्सूल – उभी वृत्तचिती आणि तिच्या दोन्ही टोकांना अर्धगोल, म्हणजे औषधाच्या कॅप्सूलसारखा आकार. उभ्या माणसाशी तो सर्वांत जास्त जुळतो. कोपऱ्यांवरून सहज घसरतो.

कॅप्सूलची त्रिज्या निवडताना प्रत्यक्ष मोजमापांचा विचार आवश्यक असतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची किमान रुंदी २.४ मीटर, न्हाणीघराची १.२ मीटर आणि शौचालयाची ०.९ मीटर आहे. युनिटी या प्रचलित प्रणालीत चालणाऱ्या पात्राच्या कॅप्सूलची मूळ त्रिज्या ०.५ मीटर, म्हणजे व्यास १ मीटर असतो. हे मूल्य तसेच ठेवल्यास नियमाप्रमाणे बांधलेल्या शौचालयात कॅमेरा शिरूच शकत नाही आणि ०.७५ मीटरच्या दारातूनही जात नाही. अशा वेळी दाराची टक्कर बंद करण्याचा सोपा मार्ग पुष्कळदा पत्करला जातो. तो चुकीचा आहे. योग्य उपाय त्रिज्या बदलण्याचा आहे. सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीसाठी ०.२५ मीटर त्रिज्या, १.८ मीटर उंची आणि जमिनीपासून १.६ मीटरवर डोळा, ही मूल्ये सदनिकेच्या वॉकथ्रूला सोयीची पडतात.

उलट टोकाला, त्रिज्या फारच लहान, समजा ०.०५ मीटर, ठेवली तर पलंग आणि कपाट यांमधील वीतभर फटीतूनही कॅमेरा आरामात जातो. पाहणाऱ्याला खोली ऐसपैस वाटते. प्रत्यक्षात तेथून माणूस जाऊ शकत नाही.

## मोजमापाचे एकक

टक्करीतील पुष्कळ दोषांचे मूळ एककांच्या गोंधळात असते. बांधकामाचा नकाशा मिलिमीटरमध्ये किंवा फूट-इंचांत असतो. युनिटी व ब्लेंडर मीटर धरतात, तर अनरियल इंजिन सेंटिमीटर धरते. नकाशा आणताना प्रमाण चुकल्यास कॅप्सूल इमारतीच्या मानाने मुंगीएवढी किंवा राक्षसाएवढी ठरते. म्हणून सर्वप्रथम ज्याचे माप पक्के ठाऊक आहे असे दार निवडून प्रतिकृतीतील त्याची रुंदी व उंची पडताळणे इष्ट असते.

## टक्कर-तपासणी

एकाच मजल्यावरील सदनिकेत भिंती उभ्या असल्यामुळे प्रश्न दोन मितींवर आणता येतो. भिंत म्हणजे नकाशावरचा रेषाखंड आणि कॅमेरा म्हणजे वर्तुळ. वर्तुळाच्या केंद्रापासून रेषाखंडावरील सर्वांत जवळचा बिंदू शोधला आणि ते अंतर त्रिज्येपेक्षा कमी निघाले, की टक्कर झाली. भिंतीची टोके अ व ब आणि कॅमेऱ्याचे केंद्र क असल्यास,

ट = ((क − अ) · (ब − अ)) ÷ (अब अंतराचा वर्ग)

येथे मधला बिंदू दोन सदिशांचा अदिश गुणाकार दर्शवतो. ट चे मूल्य ० पेक्षा कमी आल्यास ० आणि १ पेक्षा जास्त आल्यास १ धरायचे. मग सर्वांत जवळचा बिंदू = अ + ट (ब − अ).

उदाहरणार्थ, अ (०, ०) आणि ब (४, ०) ही चार मीटर लांबीची भिंत असून कॅमेरा (१.५, ०.१८) येथे आहे. येथे ट = (१.५ × ४) ÷ १६ = ०.३७५ आणि जवळचा बिंदू (१.५, ०) येतो. अंतर ०.१८ मीटर आहे आणि त्रिज्या ०.२५ मीटर आहे. म्हणजे वर्तुळ भिंतीत ०.०७ मीटर घुसलेले आहे. त्याला तेवढेच मागे सारून (१.५, ०.२५) येथे आणले जाते.

जिने, उतरते छत व यंत्रे असलेल्या जागेत तपासणी त्रिमितीयच करावी लागते. तेथे वस्तूंचे पृष्ठभाग त्रिकोणांचे बनलेले असतात आणि प्रत्येक त्रिकोणावरील जवळचा बिंदू काढला जातो. एका सजवलेल्या सदनिकेतही लाखो त्रिकोण असू शकतात. ते सारे प्रत्येक फ्रेमला तपासणे परवडत नाही. म्हणून दोन उपाय योजले जातात. पहिला, दिसणारी वस्तू आणि टक्करीसाठीची वस्तू वेगळी ठेवणे. नक्षीदार सोफ्याच्या जागी साधी पेटी पुरते. दुसरा, जागेचे विभाग पाडून केवळ आसपासच्या वस्तू तपासणे. जागेचे पुन्हा पुन्हा आठ भाग करणारा अष्टवृक्ष किंवा साधी चौकटींची जाळी यासाठी वापरतात.

सोफ्याची पेटी मूळ सोफ्यापेक्षा लहान असता कामा नये. तशी ती असल्यास मोकळी जागा आहे त्यापेक्षा जास्त भासते.

## टक्कर-प्रतिसाद

सर्वांत सोपा प्रतिसाद म्हणजे हालचाल रद्द करणे. परंतु त्यामुळे भिंतीला किंचित तिरका स्पर्श होताच कॅमेरा चिकटल्यासारखा थांबतो आणि अरुंद बोळातून चालणे कष्टाचे होते. म्हणून वेगाचा भिंतीत शिरणारा भाग तेवढा काढून टाकतात आणि भिंतीला समांतर भाग ठेवतात. वेग व आणि भिंतीचा बाहेर रोखलेला एकक लंब सदिश न असल्यास,

नवा वेग = व − (व · न) न

ही क्रिया अदिश गुणाकार ऋण असतानाच, म्हणजे कॅमेरा भिंतीकडे जात असतानाच करायची असते. ही अट गाळल्यास भिंतीपासून दूर जाऊ पाहणारा कॅमेराही तिला चिकटून राहतो. सेकंदाला १.४ मीटर वेगाने भिंतीशी ३० अंशांचा कोन करून चालणाऱ्या कॅमेऱ्याचा ०.७ मीटर वेग भिंत शोषून घेते आणि तो सुमारे १.२१ मीटर वेगाने भिंतीलगत घसरत राहतो.

कोपऱ्यात दोन भिंती एकाच वेळी भिडतात. काटकोनी कोपऱ्यात दोन्ही लंबांचे भाग वजा केले की कॅमेरा थांबतो. लघुकोनी कोपऱ्यात मात्र एका भिंतीने ढकललेला कॅमेरा दुसरीत शिरतो, दुसरी त्याला पुन्हा पहिलीत ढकलते आणि चित्र थरथरू लागते. यावर उपाय असा की, दोन भिंतींशी टक्कर झाल्यास केवळ त्यांच्या छेदरेषेच्या दिशेने हालचाल ठेवावी आणि तिसऱ्या पृष्ठभागाशी टक्कर झाल्यास वेग शून्य करावा. अशी पुनरावृत्ती प्रत्येक फ्रेमला चार-पाच वेळांपुरती मर्यादित ठेवतात.

## भिंत ओलांडून जाण्याचा दोष

संगणक हालचाल अखंड दाखवत नाही, तर टप्प्याटप्प्याने दाखवतो. सेकंदाला ६० फ्रेम असताना १.४ मीटर वेगाने चालणारा कॅमेरा एका फ्रेममध्ये सुमारे २.३ सेंटिमीटर सरकतो. पण साध्या संगणकावर मोठे चित्र उघडताना एखादी फ्रेम अर्धा सेकंद रेंगाळली, तर तोच कॅमेरा एकदम ७० सेंटिमीटर पुढे जातो. अर्ध्या विटेची भिंत ११५ मिलिमीटर जाडीची असते. कॅमेरा ती ओलांडून शेजारच्या खोलीत पोहोचतो आणि मधल्या टप्प्यात टक्कर झाली, हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, फ्रेमच्या कालावधीला वरची मर्यादा घालणे. ०.१ सेकंदाची मर्यादा असल्यास चालताना एका टप्प्यातील अंतर १४ सेंटिमीटरच्या वर जात नाही, हे ०.२५ मीटर त्रिज्येपेक्षा कमी असल्याने केंद्र भिंतीच्या पलीकडे जात नाही. दुसरा, मोठ्या हालचालीचे लहान तुकडे करणे. सेकंदाला ४ मीटर वेगाने धावल्यास ०.१ सेकंदात ४० सेंटिमीटर अंतर होते. त्याचे २० सेंटिमीटरचे दोन तुकडे करून प्रत्येकाची तपासणी करतात. तिसरा उपाय म्हणजे कॅप्सूल सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरकत गेल्यास ती प्रथम कोठे भिडेल, हे थेट काढणे. तो सर्वांत खात्रीचा आहे, पण त्याचे गणित अधिक किचकट आहे.

## निकट प्रतल

टक्कर अचूक असूनही भिंतीजवळ जाताच पलीकडची खोली दिसते, असा अनुभव येतो. याचे कारण टक्करीत नसून चित्रणात असते. कॅमेऱ्यापासून ठरावीक अंतरापेक्षा जवळच्या वस्तू संगणक रेखाटतच नाही. या सीमेस निकट प्रतल म्हणतात. युनिटीत हे अंतर मूळात ०.३ मीटर, थ्री डॉट जेएस या वेब-प्रणालीत ०.१ मीटर, तर गोडोमध्ये ०.०५ मीटर असते.

निकट प्रतल आयताकृती असून त्याचे कोपरे त्याच्या मध्यापेक्षा डोळ्यापासून लांब असतात. उभे दृष्टिक्षेत्र ६० अंश आणि पडदा १६:९ प्रमाणाचा असताना, ०.३ मीटरवरील प्रतलाचा कोपरा डोळ्यापासून सुमारे ०.४६ मीटरवर येतो. कॅप्सूलची त्रिज्या ०.२५ मीटर असल्यास हा कोपरा भिंतीत शिरतो आणि तेवढ्या भागातून पलीकडचे दिसते. निकट प्रतल ०.१ मीटरवर आणल्यास कोपरा सुमारे ०.१५५ मीटरवर, म्हणजे त्रिज्येच्या आत राहतो. नियम असा की, निकट प्रतलाच्या कोपऱ्याचे अंतर टक्करीच्या त्रिज्येपेक्षा नेहमी कमी असले पाहिजे.

तथापि, हे अंतर हवे तितके कमी करता येत नाही. पुढची वस्तू कोणती व मागची कोणती, हे ठरवण्याची संगणकाची अचूकता त्यामुळे घटते. २४ बिटांच्या साध्या खोली-नोंदीत निकट प्रतल ०.१ मीटरवर असताना १०० मीटर दूरच्या पृष्ठभागांत सुमारे ६ मिलिमीटरचा फरक ओळखता येतो; ते ०.०१ मीटरवर आणल्यास हाच फरक ६ सेंटिमीटर होतो. सदनिकेत याने बिघडत नाही. परंतु ३०० मीटर लांबीच्या कारखान्याच्या शेडमध्ये ०.१ मीटरलादेखील ही संदिग्धता ५ सेंटिमीटरवर जाते आणि दूरच्या जमिनीवरील रंगीत पट्टे लुकलुकू लागतात.

## जिने, उंबरठे व ठेंगणी दारे

गुरुत्वाकर्षणासाठी प्रत्येक फ्रेमला कॅप्सूल खाली ओढून जमिनीशी टक्कर तपासतात. मात्र या पद्धतीत जिन्याची पहिलीच पायरी भिंतीसारखी आडवी येते. म्हणून ठरावीक उंचीपर्यंतचा अडथळा आपोआप चढण्याची मुभा देतात. राष्ट्रीय इमारत संहितेत निवासी जिन्याच्या पायरीची कमाल उंची १९० मिलिमीटर आहे. त्यामुळे २२ ते २५ सेंटिमीटरची मर्यादा पुरते. ही मर्यादा वाढवत नेल्यास कॅमेरा बैठकीवर व ओट्यावर चढू लागतो. दुसरी रीत अशी की, जिन्याच्या टक्करीसाठी पायऱ्यांऐवजी एक गुळगुळीत उतार ठेवतात. त्यामुळे चढताना चित्र हिंदकळत नाही.

चिंचवड गावठाणासारख्या जुन्या वस्तीतील वाड्यांचे चित्रण करताना वेगळी अडचण येते. दिंडी दरवाजातून वाकूनच आत जावे लागते, १.८ मीटरची ताठ कॅप्सूल तेथे अडते. येथे दार मोठे करणे म्हणजे वास्तूचे स्वरूपच बदलणे होय. योग्य मार्ग म्हणजे वाकण्याची सोय करून कॅप्सूलची उंची तात्पुरती कमी करणे आणि पुन्हा ताठ होण्यापूर्वी वर मोकळी जागा आहे का, हे तपासणे.

## पात्राच्या मागचा कॅमेरा व आभासी वास्तव

काही वॉकथ्रूंमध्ये चालणारी व्यक्ती पडद्यावर दिसते आणि कॅमेरा तिच्या मागे असतो. तेथे व्यक्तीच्या डोक्यापासून कॅमेऱ्यापर्यंत एक लहान गोल सरकवून पाहतात आणि तो ज्या ठिकाणी भिंतीला भिडेल तेथपर्यंत कॅमेरा पुढे ओढतात. पुढे ओढणे तत्काळ व्हावे लागते, अन्यथा भिंत मध्ये येते. परत मागे जाणे मात्र सावकाश ठेवतात, अन्यथा खांबांच्या रांगेलगत चालताना चित्र मागेपुढे उसळते.

डोळ्यांवर चढवण्याच्या आभासी वास्तव उपकरणात पाहणाऱ्याचे डोके खरोखरच पुढे सरकते. त्याला भिंत अडवू शकत नाही. अशा वेळी संपूर्ण दृश्य मागे ढकलल्यास डोळ्यांना दिसणारी गती व शरीराला जाणवणारी गती यांत विसंगती निर्माण होऊन मळमळ होते. म्हणून डोके भिंतीत शिरताच दृश्य काळे करत नेण्याची पद्धत आहे.

## मोजमापाची विश्वासार्हता

टक्कर योग्य असूनही खोली मोठी भासवता येते. दृष्टिक्षेत्र रुंद केले की भिंती दूर गेल्यासारख्या दिसतात. उभे ६० अंशांचे दृष्टिक्षेत्र १६:९ पडद्यावर आडवे सुमारे ९१ अंश होते. त्यापुढे गेल्यास कडेच्या वस्तू ताणलेल्या दिसतात. लहान मापाचा पलंग ठेवणे आणि दारे गाळणे यांचाही तोच परिणाम होतो. पूर्वमुद्रित चित्रफितीत पुष्कळदा कॅमेरा भिंतीच्या बाहेर ठेवून ती भिंत अदृश्य केलेली असते. त्यामुळे खोली अशा अंतरावरून दिसते की जेथे राहणारी व्यक्ती कधीही उभी राहू शकणार नाही.

पाहणाऱ्याने स्वतः फिरवायच्या वॉकथ्रूत पुढील गोष्टी तपासता येतात:

* भिंतीला नाक लावून उभे राहिल्यास पलीकडचे दिसते का;
* फर्निचर कॅमेऱ्याला अडवते का, की तो त्यातून जातो;
* दारे उघडताना त्यांची पाखे पलंगाला वा भिंतीला अडतात का;
* पलंग व कपाट यांमधून चालता येते का आणि त्या जागेचे नकाशावरील माप किती आहे.

व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीसाठी कॅप्सूलऐवजी व्हीलचेअरच्या मापाचा आकार घेऊन हीच तपासणी करता येते. वळण्यासाठी १.५ मीटर व्यासाची मोकळी जागा आणि दारात ०.९ मीटरची मोकळी रुंदी ही सुगम्यतेची प्रचलित मापे आहेत. एरवी मोकळी वाटणारी सदनिका या चाचणीत अनेकदा न्हाणीघराच्या दाराशी थांबते. घर घेण्यापूर्वी ही बाब लक्षात आल्यास आराखड्यात बदल करता येतो. भिंती उभ्या राहिल्यावर तो बदल महाग आणि क्वचित अशक्य असतो.

## हेही पाहा

* संगणकीय चित्रण
* आभासी वास्तव
* सदिश
* चटई क्षेत्र
* पिंपरी-चिंचवड